भूमिव्यवहार आणि राजकीय भ्रष्टाचार

जमीन, इमारती व बांधकाम यांतून मिळणारा लाभ आणि तो लाभ निर्माण करणारी, वाढविणारी वा रोखणारी शासकीय सत्ता यांच्यातील अनुचित देवघेवीचा निर्देश या संज्ञेने केला जातो. रोख लाच हा या देवघेवीचा सर्वांत ठळक, परंतु एकमेव प्रकार नव्हे. निवडणुकीसाठी दिलेला निधी, एखाद्या न्यासास दिलेली देणगी, नातेवाइकाच्या नावे मिळालेली सदनिका, जाहीर होण्यापूर्वी कळलेली रस्त्याची आखणी किंवा भागीदारीतील अनामिक हिस्सा ही सर्व तिचीच रूपे होत.

राज्यसंस्थेचा संबंध सर्वच उद्योगांशी येतो. मग भूमीच्या व्यवहारांतच हा दोष एवढा खोलवर का रुजावा, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर भूमीच्या अर्थशास्त्रात आहे. जमीन निर्माण करता येत नाही व ती हलविताही येत नाही. तिचे मूल्य मालकाच्या श्रमापेक्षा तिच्या स्थानावर आणि तिच्या वापराविषयी समाजाने घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते. डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये मांडलेल्या खंडसिद्धांतात सुपीकतेमुळे उद्‍भवणाऱ्या आधिक्याचा विचार आहे. हेन्री जॉर्ज याने १८७९ मधील आपल्या ग्रंथात हाच विचार शहरी जमिनीपर्यंत नेला आणि समाजाच्या प्रगतीमुळे वाढलेले भूमिमूल्य करांच्या द्वारे समाजाकडेच परत यावे, असे प्रतिपादन केले. ही वृद्धी समाजाकडे परत आली नाही, तर ती कोणाच्या तरी पदरात पडणारच आणि ती कोणाच्या पदरात पडावी हे ठरविण्याची लेखणी ज्याच्या हाती असते, त्याच्याकडे मागणारे हात आपोआप वळतात. कोरडवाहू शेतजमिनीस अकृषिक परवानगी मिळाली, तिच्यावरील शाळेचे वा उद्यानाचे आरक्षण उठले, बाजूने महामार्ग गेला किंवा तीवर अनुज्ञेय असलेला चटई क्षेत्र निर्देशांक वाढला, तर एका स्वाक्षरीने तिची किंमत अनेक पटींनी वाढते. इतर उद्योगांत एवढा मोठा लाभ एवढ्या अल्प श्रमात क्वचितच संभवतो.

हा प्रकार कोणत्याही एका देशापुरता किंवा काळापुरता मर्यादित नाही. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेतील जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट याने, सार्वजनिक उद्यान कोठे होणार हे आधी कळल्याने तेथील जमीन घेऊन ठेवणे म्हणजे ‘प्रामाणिक’ कमाई होय, असे उघडपणे सांगितले. त्याची ही मुक्ताफळे १९०५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जपानचे पंतप्रधान काकुएई तानाका यांच्याशी संबंधित कंपन्यांनी शिनानो नदीपात्रालगतची स्वस्त जमीन घेतली व नंतर झालेल्या सार्वजनिक कामांमुळे तिचे मूल्य वाढले, ही हकीकत एका मासिकाने १९७४ मध्ये उजेडात आणली. त्याच वर्षी तानाका यांना पद सोडावे लागले.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : मुंबईच्या इतिहासात या विषयाचा आरंभ समुद्रात भर घालण्याच्या योजनांपासून होतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॅक बे भरणी योजनेतील उधळपट्टी व गैरकारभार खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी वेशीवर टांगला. विकास खात्यातील एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले. आज त्यांचे नाव ज्या नरिमन पॉइंटला आहे, तो भाग पुढील काळातील भरणीतून निर्माण झाला आणि तेथील भूखंडांचे वाटप जाहीर लिलावाशिवाय झाल्याबद्दलचा वाद १९७० नंतरच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात गेला.

स्वातंत्र्योत्तर काळात टंचाई आणि परवाना यांच्या व्यवस्थेने या संबंधास नवे वळण दिले. नागरी जमीन (कमाल धारणा व विनियमन) अधिनियम, १९७६ अन्वये मुंबईसारख्या महानगरात मोकळ्या जमिनीची कमाल धारणा ५०० चौ.मी. ठरविण्यात आली. अतिरिक्त जमीन शासनाकडे यावी व ती गरिबांच्या घरांसाठी वापरली जावी, हा हेतू निर्विवादपणे चांगला होता. तथापि कलम २० अन्वये सार्वजनिक हितासाठी सूट देण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे ठेवला आणि व्यवहारात नियमापेक्षा अपवादच मोठा झाला. सूट मिळविणे हाच एक धंदा बनला, जमीन बाजारात येण्याचे थांबले आणि भाव चढले. केंद्राने १९९९ मध्ये हा कायदा रद्द केला. महाराष्ट्राने मात्र तो २००७ च्या अखेरीपर्यंत चालू ठेवला. चांगल्या हेतूचा कायदा विवेकाधिकाराच्या वाळवीने कसा पोखरला जातो, याचे एवढे स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण. के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली १९६२ मध्ये नेमलेल्या भ्रष्टाचार प्रतिबंधक समितीने अशा व्यापक विवेकाधिकारातील धोक्याकडे १९६४ च्या अहवालात आधीच लक्ष वेधले होते.

सिमेंट प्रकरण (१९८१-८२) : सिमेंट नियंत्रित दराने व कोट्याने मिळण्याच्या काळात बांधकाम व्यावसायिकाचे भवितव्य परवान्यावर अवलंबून असे. मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान व अन्य न्यासांना मिळालेल्या देणग्या आणि देणगीदारांना मंजूर झालेले सिमेंट यांचा परस्परसंबंध ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस इंडियन एक्सप्रेस या दैनिकातून अरुण शौरी यांनी प्रकाशात आणला. प. बा. सामंत प्रभृतींच्या याचिकांवर न्यायमूर्ती लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल देऊन देणगी व सिमेंट यांत संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर अंतुले यांनी राजीनामा दिला. फौजदारी कारवाई मात्र दीर्घकाळ रेंगाळली. लोकप्रतिनिधीवरील खटल्यास पूर्वसंमती कोणाची हवी, खटला कोणत्या न्यायालयात चालावा, या प्रश्नांवर १९८४ व १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे गाजलेले निर्णय झाले. या प्रकरणात अंतुले यांना शिक्षा झाली नाही. फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केले आणि हा विशिष्ट मार्ग हळूहळू बंद पडला. भ्रष्टाचाराचा उगम टंचाईत असेल, तर ती दूर केल्याने जे साधते ते शिक्षेने साधतेच असे नाही, हे या प्रकरणावरून दिसते. येथे एका नंतरच्या अभ्यासाचा उल्लेख उचित ठरेल. देवेश कपूर व मिलन वैष्णव यांनी २०११ मध्ये दाखविले, की राज्यांतील निवडणुकीच्या महिन्यात सिमेंटचा खप घटतो. बांधकाम व्यावसायिकांचा पैसा त्या काळापुरता इमारतींकडून राजकारणाकडे वळत असावा, असा त्यांचा तर्क आहे.

आरक्षण बदल : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये तयार होणाऱ्या विकास योजनेत शाळा, रुग्णालय, क्रीडांगण यांसाठी जमिनी आरक्षित होतात. कलम ३७ खालील ‘किरकोळ’ फेरबदलाने आरक्षण उठविता येते. तर कलम १२७ अन्वये ठराविक मुदतीत जमीन संपादन न झाल्यास मालकाने नोटीस द्यावी आणि त्यानंतरही संपादन न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. या दुसऱ्या तरतुदीत काहीच न करण्यालाही मोल येते. नगरपालिकेची फाईल योग्य वेळी हलली नाही, एवढ्याने क्रीडांगण नाहीसे होते आणि त्याबद्दल कोणावर दोषारोपही ठेवता येत नाही. पुण्यातील प्रभात रस्त्यावरील प्राथमिक शाळेसाठी राखीव भूखंडाचे आरक्षण मनोहर जोशी मुख्यमंत्री असताना हलविण्यात आले व तेथे त्यांच्या जामाताने इमारत बांधली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९९९ मध्ये हा फेरबदल बेकायदा ठरविला. निकालापूर्वीच, जानेवारी १९९९ मध्ये, जोशी मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उच्च न्यायालयाचा निष्कर्ष उचलून धरला. दाद मागणारे सामान्य नागरिक होते, ही बाब नोंदण्यासारखी आहे.

आदर्श प्रकरण : लातूर-नांदेड या शेजारी जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. त्यांपैकी शंकरराव चव्हाण वगळता शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख व अशोक चव्हाण या तिघांची नावे मुंबईच्या कुलाबा भागातील ‘आदर्श’ या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चौकशीत आली. औशापासून शेकडो किमी. दूर असलेला हा भूखंड मराठवाड्याच्या राजकारणात एवढा चर्चिला गेला, तो या कारणाने.

कॅप्टन प्रकाश पेठे मार्गालगतचा सुमारे ३,७५८ चौ.मी.चा हा भूखंड लष्कराच्या ताब्यात होता. रस्त्याची नियोजित रुंदी ६०.९७ मी.वरून १८.४० मी. करण्यात आल्याने तो मोकळा झाला. जानेवारी २००३ मध्ये संस्थेस इरादापत्र मिळाले व २००४ मध्ये भूखंडवाटप झाले. सैन्यातील व्यक्तींसाठी म्हणून मांडलेल्या संस्थेत ४० टक्के बिगरलष्करी सभासदांचा समावेश झाला. शेजारच्या बेस्ट आगाराच्या भूखंडाचा चटई क्षेत्र निर्देशांकही इमारतीस मिळाला आणि ३१ मजली इमारत उभी राहिली. एकेका निर्णयाकडे सुटे पाहिले, तर प्रत्येकाला काही ना काही प्रशासकीय समर्थन देता येते; सर्वांचा मेळ घातल्यावरच चित्र उमटते. या मार्गावरील अनेक टप्प्यांवर ज्यांची संमती लागली, त्यांपैकी काहींना वा त्यांच्या आप्तांना त्याच इमारतीत सदनिका मिळाल्या, हा या प्रकरणातील मध्यवर्ती आक्षेप होय.

प्रकरण उघड झाल्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाण यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. महसूलमंत्री असताना बिगरलष्करी सभासदांना वाट करून दिली, पुढे वाढीव निर्देशांकास मंजुरी दिली व नातलगांना सदनिका मिळाल्या, असे आरोप त्यांच्यावर होते. त्यांनी ते नाकारले. जानेवारी २०११ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती जे. ए. पाटील व माजी मुख्य सचिव पी. सुब्रह्मण्यम यांचा चौकशी आयोग नेमला. जमीन राज्याच्या मालकीची असून ती कारगिलच्या वीरपत्नींसाठी राखीव नव्हती, असे आयोगाने २०१२ च्या अंतरिम अहवालात सांगितले. लोकभावनेत रुजलेली समजूत अशा रीतीने चुकीची ठरली. डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या अंतिम अहवालात सुशीलकुमार शिंदे यांच्यासह वरील तिघा माजी मुख्यमंत्र्यांवर ताशेरे होते. २५ सभासद अपात्र आणि २२ सदनिकांचे व्यवहार बेनामी असल्याचाही निष्कर्ष त्यात होता. मंत्रिमंडळाने अहवाल प्रथम फेटाळला व टीकेनंतर जानेवारी २०१४ मध्ये अंशतः स्वीकारला.

खटल्याची वाटचाल त्याहून उद्‍बोधक आहे. केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१२ मध्ये आरोपपत्र दाखल केले. राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी डिसेंबर २०१३ मध्ये अशोक चव्हाण यांच्यावरील खटल्यास संमती नाकारली, राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये ती दिली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ही दुसरी संमती, ग्राह्य ठरेल असा नवा पुरावा नसल्याच्या कारणाने, रद्दबातल केली. चौकशी आयोगाचा निष्कर्ष हा न्यायालयीन पुरावा नव्हे, हे तत्त्व यामागे होते. ते कायद्यास धरूनच आहे. परंतु दोन वर्षे चाललेल्या आयोगाचे श्रम त्यामुळे नेमके कोणत्या उपयोगाचे, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतो. किनारपट्टी नियमनाच्या भंगाबद्दल उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये इमारत पाडण्याचा आदेश दिला. त्यास सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती देऊन इमारत लष्कराच्या ताब्यात देवविली.

याच काळातील गोरेगाव चित्रनगरीचे प्रकरण थोडक्यात सांगता येईल. चित्रपटनिर्माते सुभाष घई यांच्या कंपनीच्या संस्थेस देण्यात आलेली २० एकर शासकीय जमीन निविदेविना दिली गेल्याने तो करार मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये अवैध ठरविला व जमीन परत करण्यास फर्माविले. कराराच्या काळात विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रत्यक्ष शिक्षेचे उदाहरण विरळाच. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराबद्दल धुळे येथील विशेष न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षांची व गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. एकूण ४८ जण दोषी ठरले. गरिबांसाठीची घरे ठेकेदाराच्या लाभाचे साधन कशी बनली, याची ती तपशीलवार नोंद आहे. निकालाविरुद्ध अपिले झाली.

मराठवाड्यातील भूमिव्यवस्था : राजधानीतील प्रकरणे वृत्तपत्रांत गाजतात, तालुक्याच्या गावी हाच व्यवहार दप्तरातील नोंदींच्या रूपाने चालतो व त्याचा गाजावाजा होत नाही. औसा हे पूर्वी हैदराबाद संस्थानात व १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण होईपर्यंत उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यात होते. येथील भूमिहक्कांवर संस्थानी कायद्यांचा ठसा अद्याप आहे. जहागिऱ्या १९४९ मध्ये रद्द झाल्या. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याने संरक्षित कुळांना हक्क दिले आणि १९५४ च्या कायद्याने इनामे संपुष्टात आणली. मदतमाश म्हणजे व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली आणि खिदमतमाश म्हणजे मंदिर, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन. यांतील दुसऱ्या प्रकारच्या जमिनी सेवेशी निगडित असल्याने त्यांची विक्री सहसा करता येत नाही. अशा व अन्य निर्बंधित जमिनींची नोंद सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी होते. हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व शासनास नजराणा द्यावा लागतो.

शहर वाढून अशा जमिनीपाशी येऊन ठेपते, तेव्हा वर्ग २ आणि वर्ग १ यांतील एका आकड्याच्या फरकाला प्रचंड मोल येते. १९४८ पूर्वीचे महसुली दप्तर उर्दूत आहे. १९५४ च्या सुमाराचे खासरा पाहणीपत्रक हा अनेक वादांतील कळीचा कागद ठरतो. तो वाचू शकणारी माणसे थोडी, त्याची नक्कल मिळवून देणारे मध्यस्थ मात्र पुष्कळ. ज्या कुटुंबाला आपला हक्क कोणत्या कागदात दडला आहे हे ठाऊक नसते, ते इसारपावती व कुलमुखत्यारपत्र यांवर अंगठा उठवून मोकळे होते. पुढे नोंद ‘दुरुस्त’ होते, परवानगी मिळते, प्लॉट पडतात आणि मूळ कसणारा आपल्याच शेतातील इमारतीवर मजुरीला जातो. येथे कोणी मंत्री दिसत नाही. तलाठी, मंडळ अधिकारी, दलाल, नगरसेवक आणि बदलीच्या आदेशांवर वजन असलेला स्थानिक पुढारी, एवढी साखळी पुरेशी ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते, लोकजीवनाची झीज या लहान साखळीने मोठ्या प्रकरणांपेक्षा अधिक केली आहे.

नोंदीचे मोल औसा तालुक्याने एका निराळ्या प्रसंगीही अनुभवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाचे केंद्र म्हणून ओळखले जाणारे किल्लारी याच तालुक्यात आहे. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करताना घराचे क्षेत्र कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरविण्यात आले. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौ.फुटांचे, मध्यम धारकांना ४०० चौ.फुटांचे व मोठ्या धारकांना ७५० चौ.फुटांचे घर देण्याचे धोरण होते. सातबाऱ्यावर नाव असणे वा नसणे यावर छपराचा आकार ठरला. ज्यांच्या वाटण्या तोंडी झाल्या होत्या व ज्या विधवांची नावे वारसनोंदीत चढली नव्हती, त्यांच्यासाठी ही कसोटी कठोर होती.

अलीकडील काळात जमिनीच्या भावाला नवी कारणे मिळाली. शिकवणी वर्ग व वसतिगृहे यांमुळे लातूरमध्ये, तर गुरू-ता-गद्दीच्या २००८ मधील त्रिशताब्दीनिमित्त झालेल्या कामांमुळे नांदेडमध्ये जागांची मागणी वाढली. तुळजापूर–औसा–लातूर–नांदेड या राष्ट्रीय महामार्गाने औशाच्या दोन्ही अंगांच्या शेतांना दर्शनी भाग दिला. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने बाजारमूल्याचा गुणक व त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम दिल्याने मोबदला वाढला, हे न्याय्यच झाले. पण त्यामुळे आखणी आधी कळण्याचे मोलही वाढले. शेतकऱ्याकडून साधारण भावाने जमीन घेऊन, अकृषिक करून वा तीवर शेड उभारून वाढीव मोबदला मागणे ही प्लंकिटच्याच वाटेची आधुनिक पायवाट होय.

गुंठेवारी ही याच अर्थव्यवस्थेची दुसरी बाजू. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा लहान तुकड्याच्या विक्रीस मज्जाव करीत आला, तर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास एखाद्या गुंठ्याहून अधिक जागा परवडत नाही. परिणामी केवळ मुद्रांकावर व्यवहार होतात, मंजूर अभिन्यासाविना वस्त्या उभ्या राहतात आणि त्यांचे पाणी, रस्ते व वीज नगरसेवकाच्या कृपेवर अवलंबून राहतात. महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ ने जुन्या वस्त्यांच्या नियमितीकरणाची सोय केली. नियमितीकरणाची तारीख पुढे सरकणार, ही अपेक्षा मात्र नव्या बेकायदा प्लॉटांचे भांडवल बनते.

उपाययोजना : महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा १९७१ मध्येच केला, त्याच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नव्हत्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये २०१८ च्या दुरुस्तीने शासकीय निर्णयांच्या चौकशीसाठीही पूर्वमान्यता आवश्यक केली. प्रामाणिक अधिकाऱ्याचे संरक्षण हा तिचा उद्देश सांगितला जातो; तपास सुरू होण्यासच त्यामुळे अडसर येतो, ही टीकाही तितकीच सार्थ आहे. बेनामी व्यवहारांचा १९८८ चा कायदा नियमांअभावी सुमारे तीन दशके निद्रिस्त होता; २०१६ च्या दुरुस्तीने तो अंमलात येण्याजोगा झाला. स्थावर संपदा कायद्याखालील प्राधिकरण मे २०१७ पासून कार्यरत झाल्याने ग्राहकास प्रकल्पाची माहिती मिळू लागली. त्या प्रकल्पाला परवानगी कशी मिळाली, हे मात्र त्या नोंदणीत दिसत नाही.

अधिक परिणामकारक ठरल्या त्या विवेकाधिकार कमी करणाऱ्या, दिसण्यास रूक्ष अशा दुरुस्त्या. मुंबईत जानेवारी २०१२ मध्ये विकास नियंत्रण नियमावली बदलून सज्जे, फुलझाडांचे कट्टे इत्यादी पूर्वी आयुक्तांच्या मर्जीने वगळली जाणारी क्षेत्रे मोजणीत घेतली गेली आणि त्याऐवजी निवासी इमारतींना ठराविक अधिमूल्य भरून ३५ टक्के वाढीव क्षेत्र सर्वांना सारख्या दराने उपलब्ध झाले. जे पूर्वी खासगीत दिले-घेतले जाई, ते महापालिकेच्या पावतीवर आले. २०१४ नंतरच्या महसूल संहितेतील दुरुस्त्यांनी विकास योजनेच्या क्षेत्रात स्वतंत्र अकृषिक परवानगीची गरजही बरीच कमी केली. सातबारा व फेरफार संगणकावर आल्याने नोंद कोणत्या दिवशी, कोणाच्या अर्जावरून बदलली याचा माग राहू लागला. माहितीचा अधिकार, २००५ मुळे तो माग काढणे सामान्य नागरिकासही शक्य झाले. मराठवाड्यातील जुन्या इनाम जमिनींचे मूळ उर्दू दप्तर व आजचा संगणकीय सातबारा यांचा मेळ घालण्याचे काम मात्र गावोगावच्या दाव्यांतूनच, एकेका गट क्रमांकापुरते, होत आले आहे.